वाचकांचे प्रश्न : पांढरीतली खापरं आणि इनामगाव

मागच्या अंकात शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरण्याच्या काळातल्या) वस्तीची ओळख करून दिली होती. घोड नदीच्या उजव्या काठावर इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं नांदलेली ही शेतकऱ्यांची वस्ती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी ते काम पाहिलं. लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी नदीकाठच्या गावांतून आली आहेत, आणि बहुतेकांचा रोख एकच आहे : ‘आमच्याकडेही असं काही सापडतं, त्याचं काय करायचं?’ त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आमच्या नदीकाठच्या रानात नांगरट झाली की लाल खापरं वर येतात. काहींवर काळ्या रेघा आहेत. ही इनामगावच्या काळातली की आजीच्या माठाची, हे घरच्या घरी कसं ओळखावं?
(वाचक, शिरूर तालुका)

बऱ्यापैकी खात्रीने ओळखता येतं, फक्त एका तुकड्यावर निकाल देऊ नका. दहा-पंधरा तुकडे समोर ठेवा. साध्या पाण्यात बुडवून मऊ ब्रशने माती काढा. तारेची घासणी, साबण, ॲसिड यांतलं काही वापरू नका. मळ निघतो, पण वरचा लेपही निघून जातो, आणि ओळख त्या लेपातच असते.

आता तुटलेली कड पाहा. जोर्वे पद्धतीचं, म्हणजे इनामगावच्या मुख्य काळातलं, खापर पातळ असतं, माती बारीक गाळलेली असते, आणि भाजणी चांगली झाल्यामुळे कडेचा रंग बहुधा आतपर्यंत लालच असतो. दोन तुकडे एकमेकांवर हलके टेकवले तर खणखणीत आवाज येतो. कच्च्या भाजणीच्या खापराचा आवाज बद्द येतो, आणि कडेत मधोमध काळा पट्टा दिसतो.

मग तुकडा उलटा करून आतली बाजू पाहा. चाकावर ओढलेल्या भांड्याच्या आत बारीक समांतर रेघा गोल फिरलेल्या दिसतात. अलीकडच्या माठाचं पोट कुंभार चाकावरून उतरवल्यावर थापटून वाढवतो, त्यामुळे आत रेघांऐवजी उथळ खळगे लागतात. बोट फिरवलं तरी कळतं.

वरचा पृष्ठभाग लाल किंवा नारिंगी, पण मंद. घोटलेली चकाकी त्याला नसते. त्यावर काळ्या रंगात भूमितीची नक्षी असते : तिरप्या समांतर रेघा, शिडीसारखे पट्टे, आडव्यातिडव्या रेघांनी भरलेली शंकरपाळी. फुलं-वेली दिसल्या तर वेगळ्या काळाचा विचार करा. हा रंग भाजणीच्या आधी दिलेला असल्यामुळे ओल्या बोटाने सुटत नाही. गेरू लावलेल्या माठाचा रंग बोटाला लागतो.

सगळ्यात खात्रीची खूण आकाराची. जोर्वेच्या वाडग्याच्या पोटाला बाहेरून धारदार कोन असतो आणि कोनावरची भिंत किंचित आत ओढलेली असते. असा कोनाचा तुकडा, किंवा चंबूची तोटी, किंवा उंच गळ्याच्या गोल मडक्याचा काठ मिळाला तर संशयाला फारशी जागा राहत नाही. (जोर्वे हे नाव प्रवरेकाठच्या, संगमनेर तालुक्यातल्या गावावरून पडलं. तिथलं उत्खनन १९५०-५१ सालचं.) माळवा पद्धतीची, म्हणजे जोर्वेच्या आधीच्या काळातली, खापरं याहून थोडी जाड, नारिंगी लेपाची, आणि लेप पोपडे धरून सुटणारा.

फसगत दोन ठिकाणी होते. एक म्हणजे हाताने घडवलेलं जाड, ओबडधोबड, करड्या रंगाचं खापर. त्यावर कधी मातीची पट्टी चिकटवून बोटांच्या टोकांनी दाबलेली असते. दिसायला इतकं गावठी की लोक ‘हे काही जुनं नव्हे’ म्हणून बांधावर फेकतात. इनामगावात लहान मुलांना ज्या कुंभांत पुरलं ते याच जातीचे होते. सुबक खापर जुनं आणि ओबडधोबड नवं, हा हिशेब इथे लागू होत नाही.

दुसरी फसगत खताची. जुन्या गावठाणाची माती शेतात टाकण्याची चाल सगळीकडे आहे, आणि त्या मातीबरोबर खापरंही प्रवास करतात. म्हणून कड पाहा : गोलावलेली, झिजलेली असेल तर तुकडा लोळत आलेला आहे. मग रानात एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन दोरीने आखा आणि त्यातले तुकडे मोजा. असे आठ-दहा चौकोन वेगवेगळ्या जागी घ्या. संख्या एका बाजूला वाढत गेली, आणि तिथेच राखट माती, हाडांचे तुकडे, कुडाच्या काड्यांचे ठसे उमटलेले भाजक्या मातीचे गोळे मिळाले, तर वस्ती तिथेच होती. सगळीकडे सारखी विरळ खापरं म्हणजे बहुधा खतातून आलेली. मोजून झालं की तुकडे त्याच चौकोनात परत ठेवा. घरी पिशवी भरून आणलेली खापरं कुठल्या चौकोनातली हे आठवड्याने तुम्हालाही सांगता येणार नाही.

खापरांबरोबर गारगोटीची लांबट पाती मिळतात. नदीच्या रेताडातही तसले दगड पुष्कळ आहेत. माणसाने केलेलं कुठलं?
(वाचक, दौंड)

पात्याच्या दोन्ही कडा समांतर आहेत का पाहा, आणि पाठीवर लांबीच्या दिशेने एक किंवा दोन कणा आहेत का. एक कणा असेल तर आडवा छेद त्रिकोणी, दोन असतील तर चपट्या डोक्याचा. खालची बाजू गुळगुळीत, आणि एका टोकाला, म्हणजे जिथे घाव बसला तिथे, छोटासा फुगवटा. या तिन्ही खुणा एकत्र असल्या तर ते पातं माणसाने काढलेलं. पाण्याने फुटलेल्या दगडाला समांतर कडा अपघाताने येतात, पण एकसारखी दहा पाती अपघाताने येत नाहीत. पात्यांपेक्षा ज्यावरून ती काढली तो गाभा मिळाला तर जास्त महत्त्वाचं. त्याच्या अंगावर निघालेल्या पात्यांच्या उभ्या पन्हाळी दिसतात. गाभा आणि कपच्यांचा खच एकाच जागी असेल तर तिथे बसून कुणीतरी काम केलेलं आहे. तांबं दुर्मीळ होतं. रोजचं कापणं-सोलणं या पात्यांवरच चालायचं.

गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडावरची माती लोक ट्रॉलीने नेतात. पिकाला चांगली लागते हे खरं आहे. ती का लागते, आणि नेल्याने नेमकं काय बिघडतं?
(ग्रामपंचायत सदस्य, श्रीगोंदा तालुका)

आपल्या भाषेत शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद नुसता महसुली दप्तराचा नाही, तो मातीचाच आहे. माणूस एका जागी शेकडो वर्षं राहिला की चुलीची राख, शेण, हाडं, कुजलेला पाला, पडलेल्या भिंती आणि सारवणाची माती थरावर थर चढते. राखेतून पोटॅश, हाडांतून फॉस्फरस, चुन्याच्या गिलाव्यातून चुना. म्हणून ती पांढुरकी दिसते आणि म्हणूनच पिकाला मानवते. पुरातत्त्वज्ञसुद्धा जुनी वस्ती शोधताना मातीतला फॉस्फेट तपासतात. शेतकऱ्याला पिकावरून कळतं ते त्यांना परीक्षानळीतून.

काय बिघडतं हे समजायला टेकाडाचा उभा छेद डोळ्यासमोर आणा. ओढ्याने कापलेली कड असेल तर प्रत्यक्षच पाहा, पण नवी कड कापू नका. खुरप्याने हलकेच वरची सैल माती झाडली की पट्टे दिसतात. दोन बोटं जाडीचा घट्ट, सरळ पट्टा म्हणजे चोपून केलेली जमीन. त्यावर पातळ काळी रेघ म्हणजे राख. मध्येच वाटीसारखा खाली गेलेला राखेचा खळगा म्हणजे चूल किंवा उकिरडा. खोल, सरळ बाजूंचा, चुन्याचा हात फिरवलेला खड्डा असेल तर ते पेव, धान्य साठवायचं. आणि जमिनीच्या पट्ट्यात मुठीएवढा काळसर गोल डाग म्हणजे खांबाचं भोक. लाकूड कधीच कुजून गेलं, त्याच्या जागी वेगळ्या रंगाची माती भरली, आणि तो डाग राहिला.

असे डाग एका रेषेत लागले की घराची भिंत मिळते. इनामगावात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. त्याआधीच्या बहुतेक उत्खननांत अरुंद, खोल खड्डे घेत. त्यातून कुठल्या थरावर कुठला थर हे कळायचं, पण घर कळायचं नाही. इथे आडवं क्षेत्र उघडलं आणि १३० हून अधिक घरं मिळाली. मधल्या भागात चांगल्या स्थितीतल्या शेतकऱ्यांची घरं, कुंभार, सोनार, चुना भाजणारा आणि मणी करणारा यांची घरं पश्चिमेच्या कडेला, आणि एका पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचं कोठार, ही सगळी रचना त्या मातीच्या डागांवरून निघालेली आहे.

ट्रॉली भरताना नेमकं हेच जातं. खापरं जात नाहीत. ती शेतात पसरतात आणि सुरक्षितही राहतात. पण कुठलं खापर कुठल्या जमिनीवर पडलेलं होतं, चुलीशेजारी की पेवात, हे एकदा मोडलं की कुठल्याही प्रयोगशाळेतून परत मिळत नाही. जेसीबीचा एक घास म्हणजे दोनतीन पिढ्यांची जमीन, चूल आणि भिंत एकत्र कालवलेली.

ग्रामसभेत ‘माती नेऊ नका’ एवढंच सांगून कुणी ऐकत नाही, कारण फायदा रोख दिसतो. टेकाडाची हद्द दगड लावून आखणं, आणि खताची गरज असेल त्याला गाळाची माती दाखवणं, हे जास्त उपयोगी पडतं. तलावातला गाळ उपसायच्या हंगामातच हा ठराव घेतला तर पटतोही.

विहीर खणताना मातीचे दोन मोठे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले सापडले. मजुरांनी धन म्हणून फोडायला घेतलं. आत नाजूक हाडं होती. पुढे काय करावं?
(वाचक, नाव न देण्याच्या अटीवर)

पहिलं, ते धन नाही. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे, हे लहान मुलाचं दफन आहे. या काळात मुलांना घराच्या जमिनीखालीच खड्डा घेऊन असं ठेवत. म्हणजे तुमच्या विहिरीच्या कडेला एका घराची जमीनही आहे.

काम थांबवा, मशीन बाजूला घ्या. कुंभ उचलू नका. मातीच्या दाबावर ते टिकून असतात. दाब गेला की फाकतात, आणि आतली मुलाची हाडं इतकी पातळ असतात की बोटात चुरा होतो. पाणी शिंपडू नका. ब्रशने साफ करायचा मोहही आवरा.

फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा, नसेल तर फूटपट्टी. नाणं ठेवू नका, फोटोत ते ठळक दिसत नाही. उत्तर दिशा कुठली ते काडीने दाखवा. एक फोटो सरळ वरून, एक बाजूच्या मातीच्या पट्ट्यांसकट. मग दोन पक्क्या खुणांपासून अंतर मोजा, उदाहरणार्थ बांधाचा हद्दीचा दगड आणि विजेचा खांब, आणि जमिनीपासून खोली. एकाच खुणेपासूनचं अंतर पुरत नाही, कारण त्याने वर्तुळ मिळतं, जागा मिळत नाही.

झाकण्यासाठी सुती कापड किंवा गोणपाट, त्यावर त्याच खड्ड्यातली कोरडी सैल माती एक हातभर. प्लॅस्टिक नको. त्याखाली घाम धरतो, आणि दिवसा ओलं रात्री थंड असं चार दिवस झालं की कच्चं खापर पापुद्रे सोडतं. पावसाळा असेल तर वर चर काढून पाणी वळवा.

माणसाची हाडं असल्यामुळे पोलीस पाटलांना आधी कळवा. हाडं अलीकडची नाहीत एवढी नोंद त्यांनी केली की पुढचा त्रास वाचतो. त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, आणि त्याची प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. अर्जात गट क्रमांक, खोली, दोन अंतरं, तारीख आणि फोटो. पोच घ्यायला विसरू नका.

फुटलेले तुकडे आधीच बाहेर आले असतील तर ते एकाच पिशवीत कोंबू नका. डावा कुंभ, उजवा कुंभ, आणि सैल मातीतले, अशा तीन कापडी पिशव्या करा आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. शाईची चिठ्ठी ओलीने पुसते.

तांब्याची वस्तू निघाली तर अजून एक पथ्य : हिरवा गंज काढू नका. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांनी वस्तू चमकते आणि निकामी होते, कारण तो हिरवा थरच आतल्या धातूचं कवच असतो आणि अवजाराच्या खुणा त्यातच असतात.

जागा सुटली की काय होतं याचं मोठं उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचं. १९७४ साली झुडपाचं मूळ खणताना तिथे काशाच्या चार वस्तू निघाल्या : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. सगळं मिळून साठ किलोंच्या वर. भारतातल्या सर्वांत मोठ्या शोधांपैकी एक, पण पुरातत्त्वज्ञ पोचायच्या आत वस्तू मातीतून बाहेर आल्या होत्या. त्या कुठल्या थरात होत्या हे पक्कं न ठरल्यामुळे त्यांच्या काळाबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही.

मोठ्या माणसांचे पाय कापून पुरत असत, असं लेखात होतं. हे अघोरी वाटतं. खरं आहे का?
(वाचक, सोलापूर)

सांगाड्यांत घोट्याखालची हाडं नसतात, हे निरीक्षण. प्रौढांना उत्तरेकडे डोकं करून सरळ आडवं पुरलेलं असतं आणि पावलं नसतात. ती पुरताना मुद्दाम तोडली असा उत्खनकांचा निष्कर्ष. मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून तोडली, हे त्यावरचं अनुमान. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखांत त्या एकात मिसळल्या जातात.

नियमाला अपवाद आहे, आणि तोच सर्वांत बोलका. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक चार पायांचा, न भाजलेल्या मातीचा मोठा रांजण मिळाला. त्याचं पोट बाईच्या पोटासारखं घडवलेलं. आत सुमारे चाळिशीचा पुरुष बसलेल्या स्थितीत, पाय शाबूत. जवळच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांच्या नावेचं चित्र. त्याच्याखाली तशाच घडणीचा आधीचा एक रांजण होता, तो रिकामा. गावाचा प्रमुख असावा असं म्हणतात, कारण घर मोठं आणि शेजारी कोठार. म्हणजे इथेही अर्थ लागला तो सांगाड्यावरून नाही, तो कुठे होता त्यावरून.

तीन हजार वर्षांपूर्वी ते काय खात होते हे कसं कळतं? शाळेत मुलांना करून दाखवता येईल का?
(शिक्षिका, बारामती)

धान्य मातीत कुजतं. टिकतं ते करपलेलं. चुलीत सांडलेला, पेव जाळून साफ करताना राहिलेला, घराला आग लागली तेव्हा कोळसा झालेला दाणा. म्हणून शोध राखेच्या मातीतून सुरू होतो.

पद्धत पाण्याची आहे. मापाने वीस लिटर माती घ्या, सावलीत वाळवा. पाण्याने अर्ध्या भरलेल्या टबात ती हळूहळू सोडा आणि हाताने ढवळा, काठीने नाही. कोळसा झालेलं बी हलकं असल्याने वर येतं. वरचं पाणी ०.३ मिलिमीटरच्या चाळणीतून किंवा दुहेरी मलमलीतून गाळा. तीनदा ढवळा, तीनदा गाळा. कापडाची पुरचुंडी करून सावलीत टांगा; उन्हात वाळवलं तर दाणा तडकतो आणि ओळखीची खाच जाते. तळाचा गाळ एक मिलिमीटरच्या चाळणीत धुऊन वेगळा वाळवा. त्यात मणी, माशांचे काटे, कपच्या मिळतात.

काळी चिकण माती असेल तर ढेकळं फुटत नाहीत, आणि दाबून फोडली की दाणेही चुरडतात. पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा टाकून माती रात्रभर भिजवा. दुसरी चूक सर्वांत जास्त होते : आजची गवतबियाणी जुनी समजणं. जो दाणा काळा नाही, तो जुना नाही, एवढं पाठ करून घ्या.

शाळेत यासाठी टेकाडाची माती आणू नका. चार ज्वारीचे, चार गव्हाचे आणि चार कुळथाचे दाणे डब्यात बंद करून मंद आचेवर करपवा, अंगणातल्या मातीत कालवा, आणि मुलांना शोधायला लावा. बारापैकी किती परत मिळाले हे मोजलं की उत्खननात किती निसटत असेल याचा अंदाज मुलांना आपोआप येतो.

इनामगावात मुख्य धान्य जव. शिवाय गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख हे कडधान्य, आणि बोरं. जोर्वेच्या पहिल्या टप्प्यात नदीचं पाणी वळवायला दगड-मातीचा बांध घालून शंभर मीटरहून लांब पाट काढलेला होता. गहू पिकायला या पाण्याचा आधार असणार. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या, म्हशी पाळलेल्या, हरणाची शिकार, नदीचे मासे, त्यासाठी तांब्याचे गळ. हाडांवरच्या कापल्याच्या खुणांवरून काय खाल्लं आणि काय नुसतं पाळलं हे वेगळं करता येतं. घरात चार सपाट दगड चौकोनात मांडलेले दिसले की त्यावर चार पायांची कणगी होती असं समजायचं. धान्याला ओल लागू नये म्हणून अजूनही घराघरांत कोठी अशीच दगडांवर उचलून ठेवतात.

आमचा गट ‘संरक्षित’ आहे असं ऐकलं. नांगरता येईल का? आणि काही सापडलं तर कायदा काय म्हणतो?
(शेतकरी, शिरूर तालुका)

‘ऐकलं’ यावर थांबू नका. केंद्राचं संरक्षण १९५८ च्या कायद्याखाली, राज्याचं १९६० च्या कायद्याखाली, आणि दोन्हींत जागेची अधिसूचना निघालेली असते. गट क्रमांक देऊन केंद्रीय आणि राज्य, दोन्ही पुरातत्त्व कार्यालयांकडे लेखी विचारा. नुसती जुनी खापरं सापडल्याने जमीन संरक्षित होत नाही.

केंद्र संरक्षित क्षेत्रात मालकालाही परवानगीशिवाय बांधकाम किंवा खोदकाम करता येत नाही. शेतीला मात्र मुभा आहे, जमिनीच्या वरच्या एक फुटाहून खोल माती हलवायची नाही या अटीवर. म्हणजे कुळव, पाभर चालते. पलटी नांगर खोल लावला तर अट मोडते. विहीर, शेततळं, पाइपलाइनचा चर परवानगीशिवाय नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित, हेही लक्षात ठेवा. घर बांधायच्या आधी हे अंतर मोजून घ्या, पाया भरल्यावर नाही.

सापडलेल्या वस्तूसाठी १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय मिळालं, अंदाजे किंमत, जागा, तारीख. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. विकायचा विचार कुणी डोक्यात घातला तर १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. तसंही, खापराला आणि गारगोटीला बाजारात किंमत नाही. ती आहे असं सांगणारा माणूस तुमच्या रानात खणायची परवानगी मिळवायला आलेला असतो.

इतकं नांदतं गाव उठलं का?
(वाचक, सातारा)

इ.स.पू. १००० च्या सुमारास बदल दिसायला लागतो. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, खापर जाड आणि हलक्या प्रतीचं होतं, गहू जातो, शिकारीचा वाटा वाढतो. इ.स.पू. ७०० च्या आसपास वस्ती संपते. हवामान कोरडं झालं, पाऊस कमी झाला, शेती सुटली आणि लोक अर्धे भटके झाले, ही ढवळीकरांची मांडणी. ती बरीच वर्षं चालली. मानवशास्त्रज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून ताण आणि खुंटलेली वाढ दाखवली, पण दोष एकट्या पावसावर टाकायला हरकत घेतली. निमकोरड्या प्रदेशात शेती ज्या पद्धतीने रेटली तीही कारण असू शकते, असं त्यांचं म्हणणं. घोडकाठच्या कुणालाही हा वाद परका वाटू नये.

वर्गाची सहल इनामगावला न्यायची आहे. काय दिसेल?
(मुख्याध्यापक, पुणे जिल्हा)

घरं दिसणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. उत्खननाचे खड्डे बुजवतात, कारण उघड्या मातीच्या भिंती एका पावसाळ्यात विरघळतात. दिसेल ते नदी, पांढरीचे उंचवटे, आणि पायाखाली खापरं. म्हणून उलट क्रमाने जा : आधी येरवड्याला डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय, तिथली भांडी, पाती आणि दफनं पाहा, मग शिरूर-न्हावरे मार्गे गावात. संग्रहालयाला आठ दिवस आधी पत्र द्या आणि मुलांची संख्या कळवा. पन्नासाच्या वर असतील तर दोन गट करा.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. पावसाळ्यात खापर धुऊन छान दिसतं पण चिखलात चालवत नाही, आणि उन्हाळ्यात सावली नाही. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर पोचा. तिरप्या उन्हात टेकाडाचे चढउतार दिसतात, बाराच्या उन्हात सगळं सपाट. पिकात शिरायच्या आधी मालकाला विचारा. चार मुलांमागे एक दोरी, एक मोजपट्टी, एक वही द्या, पिशवी देऊ नका. आणि बूट सक्तीचे करा, चपला नकोत. बाभळीचे काटे फार आहेत.